तुही उशी

नागपूर, ९ डिसेंबर २००४

भावनाले ताईचा जयभीम,

मी मजेत आहो, होस्टेलातलं जेवण बरं आहे. आईले इथवरच वाचून दाखवजो. धानाचं चुरणं होऊन दाणे घरी आले काय? बाबाचा खोकला कसा आहे?

आता तुह्यासाठी. जूनमध्ये इकडे येताना तुही सावरीच्या कापसाची उशी मीच पेटीत कोंबली होती. तू अंग टाकलं की घोरते, मी कूस बदलत राहते. जळो तुही झोप! वाटलं, उशीसंग ती बी येईल.

कायची येते! नाक रोज बंद, तोंड उघडं टाकून झोपते. दम अडकला की दचकून जागी होते, अन् दिवसा वर्गात मान पडते. परवा मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अकरावीतच म्हातारी झाली काय?"

डॉक्टरले दाखवलं. ते म्हणे, "शहरातल्या धुरानं तुह्या वयाच्या किती पोरींची झोप अशीच मोडते. तू तर वरून जुन्या उशीतली धूळ हुंगून राहिली. पहिले ते उशी फेक."

आईनं भरलेली उशी फेकवली नाही. मामाचा सुगत येत्या रविवारी आपल्या घरी सिहोऱ्याले येऊन राहिला, त्याच्यासंग पाठवते.

काल फोनवर आई हासत म्हणाली, "उशी हरवली तवापासून भावना माह्या हातावर डोकं ठेवून झोपते." सहा महिने, भावना! चोरी मी केली अन् फायदा तुले!

उशी घे अन् आईचा हात सोड. परीक्षा झाली की मी येऊन राहिली.

तुही ताई,
प्रतिक्षा