कोरडा डबा

प्रिय टिल्ले,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. 'सगळे' म्हणजे आता मी एकटीच. फोनवर आपलं बोलणं हल्ली 'जेवलीस का' आणि 'जेवले' याच्या पुढे सरकत नाही, आणि व्हिडिओ लावला की तू कॅमेरा छताकडे करून ठेवतेस. तुमच्या घरचा पंखा मला आता पाठ झाला आहे. म्हणून म्हटलं, लिहावं. जेवणाच्या टेबलाशी बसून लिहिते आहे. बाबांची खुर्ची मी भिंतीला लावून ठेवली, त्यामुळे माझी चाकांची खुर्ची सरळ आत येते. पूर्वी तिरकी घालावी लागायची, रोज त्यांच्या पायावरून चाक जायचं आणि रोज ते ओरडायचे, हिला लायसन्स कोणी दिलं म्हणून. आता जागाच जागा आहे.

इकडची खबर म्हणजे, लिफ्ट सुरू झाली. खाली पार्किंगच्या खांबांवर पुराच्या चिखलाची रेघ अजून आहे. वरून रंग दिला तरी थोड्या दिवसांनी ती पुन्हा डोकं वर काढते. शेजारच्या काकू रोज भाजी आणून देतात. त्यात मीठ आहे की नाही हेही मला कळेनासं झालं आहे. मी 'छान झाली' म्हणते, त्या खूश होऊन जातात. रक्तपेढीत मी रजा वाढवून घेतली. साहेब भले आहेत, म्हणाले की सावकाश या. पण येऊ कशी, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सुरुवातीला पेढीतली एकजण मला तिच्या गाडीतून न्यायची. मला उचलून बसवायचं, खुर्ची घडी करून मागे कोंबायची, तिथे पोचल्यावर हेच सगळं उलटं. एकदा तिला कमरेत चमक भरली. मीच म्हटलं, उद्यापासून नको. टॅक्सीवाले खुर्ची दिसली की असे नजर चुकवून पुढे जातात, जसं काही मी त्यांच्याकडे उधार मागणार आहे.

गाडीचं तू एकदाही विचारलं नाहीस. तिची तुझ्याइतकी माहिती दुसऱ्या कोणाला आहे? तू शाळेत होतीस तेव्हा माझा अपघात झाला, आणि पुढची कितीतरी वर्षं मी खिडकी ते पलंग आणि पलंग ते खिडकी एवढाच प्रवास केला. मग बाबा रिटायर झाले आणि ती गाडी आली. हाताने दांडा ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. ड्रायव्हरची सीट मोटरवर फिरून दाराबाहेर यायची आणि मला अलगद आत घ्यायची. मोटर परदेशातून मागवावी लागली होती, तूच तिच्या मागे लागून ती मिळवलीस. आणि सीटखाली तो काळा डबा. हाताचा हुकूम इंजिनाला सांगणारा मेंदू, पण आपल्या घरात त्याचं नाव डबाच पडलं. बाबा म्हणायचे, गाडी कसली, पाय आहेत हे तुझे, फक्त भिजता कामा नयेत.

त्यांनी उभा जन्म जमिनीखालच्या टेलिफोनच्या केबली जोडण्यात घालवला. पाणी हा त्यांचा जुना वैरी. पाणी दार वाजवून येत नाही, ते केसाएवढ्या फटीतून येतं आणि तांबं खाऊन बसतं, हे आपण दोघींनी बाराखडीच्या आधी ऐकलं असेल. त्यांनी डबा सीटखालून काढून उंचावर, डॅशबोर्डच्या मागे बसवला. वायरींच्या प्रत्येक जोडावर ग्रीस. वायपरखालच्या जाळीत पानं साचली की पाणी आत उतरतं म्हणून दर रविवारी जुन्या टूथब्रशने ती जाळी साफ. दारांच्या तळाशी पाणी निघून जायला भोकं असतात, त्यांत काडी घालून बघायचे. पायाखालच्या मॅट उचलून खाली हात फिरवायचे, तान्ह्या मुलाचं दुपटं चाचपावं तसा. माझ्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं त्यांनी. गाडीत पाणी शिरलं तर चुकूनसुद्धा किल्ली फिरवायची नाही, आधी बॅटरीची वायर सोडवायची. मी हसायचे. पण खरं सांगू, सिग्नलला लाल दिव्यात उभी असले की शेजारच्या गाडीतल्या कोणालाच कळायचं नाही की हिला चालता येत नाही. मी हॉर्न वाजवायचे, शिव्या द्यायचे, शिव्या खायचे. तेवढा वेळ मी चारचौघींसारखी असायचे.

त्या दिवसाचं तुला मी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं आहे, आज सलग सांगते. वरचं धरण भरलं आणि दरवाजे उघडले. भोंगा वाजला तेव्हा दुपार होती, ऊनसुद्धा होतं, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. बघता बघता फाटकातून पाणी आत आलं. रस्ता आधीच बुडाला होता, त्यामुळे गाडी बाहेर काढायची सोय नव्हती. वीज गेली, लिफ्ट बंद पडली. मी पहिल्या मजल्यावर, गॅलरीत. बाबांनी पॅन्ट दुमडली, पाने घेतले आणि निघाले. मी म्हटलं, बाबा, मसणात गेली ती गाडी. ते म्हणाले, असं पायांना बोलू नये. पाणी गुडघ्यापर्यंत होतं. वॉचमनकाका जिन्यात उभे राहून त्यांना हाका मारत होते. बाबांनी बॅटरी सोडवली, डॅशबोर्ड उचकटून डबा काढला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला आणि डोक्यावर धरून वर घेऊन आले. माझ्या मांडीवर ठेवला. पाण्यात वाकून वाकून नखशिखांत भिजले होते, आणि डबा ठणठणीत कोरडा. चेहरा असा, जसा शाळेत पहिला नंबर आला आहे. मी टॉवेल दिला. ते पाठ पुसत होते आणि मला वाटलं, संपलं एकदाचं.

मग ते सीटच्या मोटरसाठी पुन्हा खाली गेले. तोवर पाणी कमरेच्या वर चढलं होतं, आणि त्या गढूळ पाण्याखाली गटाराचं झाकण सरकलं आहे हे कोणालाच दिसलं नव्हतं. वॉचमनकाका म्हणतात, गाडीपर्यंत जेमतेम पोचत होते आणि एकदम दिसेनासे झाले. मी गॅलरीत होते. मला गॅलरीतून खांबांच्या आतलं दिसत नाही. मला फक्त काकांची हाक ऐकू आली, एकदा, दोनदा, आणि मग वेगळ्याच आवाजात. मी खुर्ची जिन्यापर्यंत नेली. पुढे पायऱ्या होत्या. तिथे बसून राहिले. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

परवा गॅरेजवाल्याला बोलावलं होतं. बाबांच्या ओळखीचा, तो जाड चष्म्याचा. त्याने टेबलावर डब्याला बॅटरी जोडली आणि हिरवा दिवा लागला. तुमचे बाबा काय माणूस होते, म्हणाला, एक थेंब जाऊ दिला नाही. मग खाली जाऊन गाडी बघून आला आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिला. वायरिंग आतून कुजलं आहे, जोड हिरवे पडले आहेत, मोटरमध्ये चिखल सुकून दगड झाला आहे. दुसऱ्या गाडीला हा डबा चालेल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, ताई, हा त्याच गाडीचा जोडीदार आहे, दुसरीकडे नांदायचा नाही. आणि बनवणाऱ्यांनी हे मॉडेल केव्हाच बंद केलं आहे. म्हणजे बघ, बाबांनी जिवावर उदार होऊन जे आणलं, ते धड आहे, कोरडं आहे, आणि काही कामाचं नाही. हे मी काकूंना सांगितलं नाही. वॉचमनकाकांना तर नाहीच. ते भेटले की अजून माझ्यापुढे हात जोडतात, जसं त्यांनीच ते झाकण उघडं टाकलं होतं. तुला मात्र सांगितलं, कारण तुझ्याशी गोड बोलत बसायची ताकद माझ्यात उरली नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता. ताई, तुमचं दोघींचं काही बिनसलं आहे का, असं विचारत होता. तू जेवत नाहीस, रडत उठतेस, 'मीच सांगितलं' म्हणतेस आणि काय सांगितलं ते विचारलं की तोंड फिरवतेस. वर माझ्यासाठी नव्या गाडीची चौकशी चालवली आहेस म्हणे. टिल्ले, काय सांगितलंस ते मला माहीत आहे. बाबांची पाठ पुसून झाली आणि थोड्याच वेळात तुझा फोन आला. त्यांना कमी ऐकू यायचं, फोन कायम स्पीकरवर असायचा, विसरलीस? डबा वाचला हे ऐकून तू आनंदाने ओरडलीस, आणि म्हणालीस, बाबा, सीटची मोटर पण काढा ना, ती पुन्हा मिळायची नाही. शब्द न् शब्द ऐकला मी. खोटं कशाला बोलू, काही दिवस तुझा राग राग केला. पण त्या फोनमधून तुला जे दिसलं नाही ते मी बघत होते. फोन वाजायच्या आधीच त्यांनी मोठा पाना काढून खांद्यावरच्या पिशवीत टाकला होता. मी त्यांचा हात धरून ठेवला होता, तो सोडवून त्यांनी तुझा फोन उचलला. तुझं ऐकून हसले आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, बघ, हिलासुद्धा कळतं. तू जा म्हणालीस म्हणून ते गेले नाहीत, आणि मी जाऊ नका म्हणाले म्हणून थांबले नाहीत. आपलं त्यांनी कधी ऐकलं होतं गं? हे वाचून तुझं ओझं उतरेल अशा भ्रमात मी नाही, माझंही उतरलेलं नाही, उतरेल असं वाटतही नाही. गाडीबिडी पाठवू नकोस, मला कुठे जायचंच नाही. तू ये. बोलली नाहीस तरी चालेल, मीही बोलणार नाही. पण तू तिकडे पंख्याखाली आणि मी इकडे या टेबलाशी, दोघींनी एकाच माणसासाठी असं चोरून रडायचं, हे मला आता सोसवत नाही. रडायचंच आहे तर एका खोलीत बसून रडू.

तुझीच,
ताई