तुमचे बंधुराज आणि माझा पितळी ड्रम

ती. वन्सं,

तुमच्या वहिनीचा लांबूनच वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला बसला का? (नसेल बसला, तर त्यांना बंधुराजांच्या खोलीत झोपवू नका. बंधुराजांना गळा जपावा लागतो. निदान इतकी वर्षं तरी मी तसंच समजत होते.)

तुमचं पत्र मिळालं. एका पातेल्यापायी कुणी संसार मोडतं का, असं तुम्ही विचारलंत. रास्त विचारलंत. म्हणून झालं ते सगळं सांगते, कारण आत्तापर्यंत तुमच्या कानावर जे आलंय ते बंधुराजांच्या गळ्यातून आलंय, आणि तिथून गोष्ट कशी बाहेर पडते ते पुढे येईलच. तर पहिलं म्हणजे ते पातेलं नाही, पितळेचा ड्रम आहे. वर आणि खाली कातडं ताणलेलं (म्हणायला कातडं, आहे प्लॅस्टिकच) आणि खालच्या कातड्याला तारांची एक पट्टी टेकलेली. वर काठी पडली की तारा थरथरतात आणि तो कडक आवाज निघतो. अडचण एवढीच, की समोर कुणी नेमका एखादा सूर लांबवला, तर काठी न लागताही तारा आपल्या आपण कुरकुरायला लागतात. संध्याकाळी हॉटेलात जेवणाऱ्यांसमोर ते गातात, मी वाजवते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिथे बंधुराज त्यांच्या त्या लाडक्या विरहगीताचा शेवटचा सूर ताणायचे, डोळे मिटून, हात छातीवर ठेवून, आणि बरोब्बर तेव्हाच माझ्याकडून खर्रर्र! जेवणारे हसायचे. एका बाईंनी तर वेटरला विचारलं, आत मिक्सर लावलाय का.

"तुझं भांडं माझ्या आवाजाला हसतं," बंधुराज म्हणाले. "नीट कर, नाहीतर माळ्यावर टाक."

मग मी दुपारी, हॉटेल रिकामं असताना, ड्रम घेऊन बसले. वरचं कातडं आवळलं, तर आवाज असा चढला की ताटं कुणी पाडली म्हणून आचारी धावत बाहेर आला. सैल सोडलं, तर ओली गादी बडवावी तसा धप्प. (बंधुराजांना हा फार आवडला, कारण तो ऐकूच जात नव्हता.) वरचं-खालचं एका सुरात लावलं, तर पितळ असं घुमत राहिलं की एक ठोका मारून पाणी पिऊन आलं तरी चालूच. लाकडाचा असता तर एवढा हट्टी नसता. पण धातूचं सगळंच लांबतं. शेवटी खालचं कातडं चांगलं ताणलं, तारांपाशी ते ताणणारे स्क्रू जरासे ढिले सोडले, वरचं मध्यम ठेवलं आणि काठाशी चिकटपट्टीचा एक तुकडा लावला. बंधुराजांना तोच सूर लावायला सांगितला आणि स्वतः ड्रमला कान लावून बसले. ड्रम गप्प! वन्सं, लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी उठून मला चहा आणून दिला. मी इतकी हरखले की साखर नव्हती हेही बोलले नाही.

संध्याकाळी तेच गाणं, तोच शेवटचा सूर, आणि खरखर नाही. पहिल्यांदाच तो सूर उघडा पडला. आणि तो उतरलेला होता, वन्सं. थोडाथोडका नाही, जिन्यात पायरी चुकावी तसा. इतकी वर्षं माझ्या तारा त्याच्यावर पांघरूण घालत होत्या आणि मला पत्ताच नव्हता. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं. माणसं मान खाली घालून ताटात बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने आम्हाला बोलावलं. "साहेबांना जरा विश्रांती घेऊ द्या. बाई, तुम्ही मात्र येत जा. ड्रम आता फार सुरेख वाजतो."

घरी आल्यावर बंधुराज म्हणाले, "तो होता तसा करून ठेव."

"आणि लोक परत हसले तर?"

"ड्रमला हसतील ना!"

हे ते चिडून म्हणाले असते तर मी सोडून दिलं असतं. बूट काढता काढता, अगदी सहज म्हणाले. स्क्रू फिरवायची चावी घेऊन मी ड्रमपाशी बसले, खोटं कशाला सांगू. चार स्क्रू फिरवले की संसार पूर्ववत. पण आधी एक ठोका मारून पाहिला, आणि तो इतका स्वच्छ वाजला की चावी खाली ठेवली. त्यांनी बॅग भरली आणि तुमच्याकडे आले. एवढंच झालं. तेव्हा त्यांना समजावून परत पाठवते, असं जे तुम्ही लिहिलंत, ती तसदी कृपया घेऊ नका. भावोजींना नमस्कार. गुडघा शेकत जा.

तुमची,
वहिनी

ता. क. अगदीच यायचं म्हणाले तर येऊ दे. दार लावलेलं नाही. ड्रम मात्र आहे तसाच राहील.

आणखी ता. क. पत्र लिहायला बसले ते खरं यासाठी. मॅनेजर गाणारं माणूस शोधतोय. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही गच्चीवर कपडे वाळत घालताना गात होतात. सासूबाई खालून ओरडल्या, "हळू, त्याचा रियाज चाललाय," आणि तुम्ही गप्प झालात. तुमचा सूर कुठे लागला होता ते मला अजून आठवतं. जिथे लागायला हवा तिथेच. या. तुमच्या आवाजाला धरून मी ड्रम लावून देते.

शेवटची ता. क. तुमच्यामागे स्वयंपाकाचं कसं, ही काळजी करू नका. तुमच्याकडे सध्या एक धडधाकट माणूस रिकामा बसलाय. त्याला गायचं असेल तर तिथेच गाऊ दे. कढईत तेल तडतडत असलं की उतरलेला सूर कुणाला ऐकू जात नाही.