मंगलची झडप

६ जाने.
मंगलला करमाळ्याहून, सासरहून, एसटीनं आणलं. स्टँडवरच धाप. माझी धाकटी बहीण ही, अन् चार पायऱ्या चढताना तीनदा कठडा धरते. तिचा नवरा म्हणतो, पाचवा महिना आहे, असायचंच. असायचंच म्हणे! लहानपणी सांधे सुजून पडली होती, तेव्हापासून हिच्या हृदयाची एक झडप आखडलेली. लग्नापर्यंत दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीन टोचायला मीच न्यायची. भोकाड पसरायची नुसती.

७ जाने.
इंजेक्शन चालू आहे ना, विचारलं. म्हणाली, "तितं गेल्यावर बंद झालं ताई. सांधे दुखतच न्हवते की."
अन् घसा?
"त्यो सारखाच धरतोय. हळद-दूध घेते."
कपाळावर हात मारला. कारखान्यात दिवसभर टॉवेलच्या कडा वाकड्या शिवल्या.

८ जाने.
हृदयाचा इको काढला. डॉक्टरबाई म्हणाल्या, घशातला जंतू पुन्हा पुन्हा आला. शरीर त्याच्याशी लढायला उठतं अन् आपल्याच झडपेवर घाव घालतं. दर वेळी नवा व्रण, झडप आणखी जाड, वाट आणखी अरुंद. इंजेक्शन सांध्यांसाठी नव्हतंच, पुढचा घाव अडवायला होतं. आता बाळामुळं अंगात रक्त वाढलंय, ते तेवढ्याशा वाटेतून...
पुढचं ऐकूच आलं नाही मला.

१० जाने.
तिची सासू आली. आज भांडायचंच ठरवलेलं. का बंद केलंत इंजेक्शन?
"लग्न ठरवताना तुमीच सांगितलं की, हिला झडपेचा त्रास हाय. आमच्यात झडप म्हंजे भुताची. देवऋष्याकडं नेलं. त्यो म्हणला, सुई टोचली की ते चवताळतंय. सुई बंद केली. दर अवसेला अनवाणी जाऊन उतारा टाकून येती मी. पोटच्या पोरीसाठी बी केलं नसतं एवढं."
शिव्या तोंडातच राहिल्या. राग काढू तरी कुणावर? मोरीत नळ सोडून रडले. मेलं एका शब्दापायी!

१२ जाने.
उद्या सकाळी पायाच्या शिरेतून फुगा घालून झडप मोकळी करणार. जिवाला धोका आहे म्हणाल्या बाई. नाही केलं तर जास्त.
सासू कॉटपाशी पाय चेपत बसलीय. मला हळूच म्हणाली, "आता सुई मी चुकवणार न्हाय. मला तेवढं नाव लिहून दे."
मंगल म्हणाली, "ताई, फुग्यानं झडप पयल्यासारखी हुईल की?"
जुने व्रण जात नसतात, बाईंनी मला स्पष्ट सांगितलंय. मी म्हटलं, व्हय गं.
"अन् बाळ?"
वेणी चांगली घट्ट होती तिची. तरी सोडली अन् परत घालायला घेतली.