न बघता टाकलेले आकडे

३ मार्च, सोमवार
सकाळी दूध आणलं. पंखा दुरुस्तीला टाकला. जेवलो, झोपलो. चालायला गेलो नाही. तक्त्यात लिहिलं — ४० मिनिटं.

तक्ता मुलीने करून दिलाय. तिची आई, आमची ही, जाऊन पाच महिने झाले. शेवटची चार वर्षं हिला काही आठवायचं नाही, म्हणून मुलगी आता माझ्या डोक्याच्या मागे लागली आहे! चालणं, गोड बंद, मीठ कमी, रोज कोणाशी तरी बोलणं. दर रविवारी फोनवर मी आकडे वाचतो. ती म्हणते, "शाब्बास बाबा!"

४ मार्च
सहा बिस्किटं खाल्ली. तक्त्यात — गोड नाही.

६ मार्च
पाणीखात्यात एकतीस वर्षं मीटर वाचले. काही जण चहाच्या दुकानात बसून अंदाजाने आकडे टाकायचे. त्यांना आम्ही 'ज्योतिषी' म्हणायचो. मी एकदाही तसं केलं नाही. कुत्रं चावलं त्या दिवशीसुद्धा झाकण उघडून, वाकून पाहिलं. आणि आता? आज तर शनिवारपर्यंतचे आकडे भरून मोकळा झालो. लाज वाटली. पण खोडले नाहीत.

९ मार्च, रविवार
मुलीचा फोन. आकडे वाचले. आज शाब्बास नाही.

"बाबा, खरं सांगू? हल्ली मला शब्द सापडत नाहीत. परवा ऑफिसात कात्रीला कात्री म्हणायचं सुचेना. आईला तुम्ही दोन वर्षं रोज फिरवलंत, तरी व्हायचं ते झालंच. आमच्या रक्तातच आहे हे. मी चालणं सोडलं. उपयोग काय?"

अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. मी म्हणालो, "नीट जेवत जा." नीट जेवत जा!

१० मार्च
इथे तरी लिहितो. हिचाही तक्ता होता. डॉक्टर म्हणाले होते, रोज अर्धा तास चालवा, माणसांत न्या. आठ-दहा दिवस नेलं. मग चौकात माझे जुने साहेब भेटले. त्यांच्यासमोर हिने मला विचारलं, "अहो, तुम्ही कोण? माझे मिस्टर कुठे गेले?" साहेब हसले. मी हिचा दंड धरून घरी आणलं. जोरात धरला होता.

त्यानंतर नेलंच नाही. ती चप्पल घालून दारापाशी उभी राहायची. "जायचं ना?" मी म्हणायचो, "उद्या." आणि तक्त्यात तीस मिनिटं. दोन वर्षं.

चालवलं असतं तर बरी झाली असती, असं डॉक्टरही म्हणाले नव्हते. पण मुलगी ज्या आकड्यांवरून हातपाय गाळून बसली आहे, ते आकडे मी टाकलेत.

१२ मार्च
फोन हातात घेतला. ठेवला.

१६ मार्च, रविवार
सांगितलं. साहेबांचं, दाराचं, माझ्या तक्त्याचंही. तिने एकच विचारलं.

"म्हणजे आई दोन वर्षं घरातच होती?"

"हो."

तिने फोन ठेवला.

१७ मार्च
सकाळी तिचा फोन. "तुम्ही काही बोलू नका, बाबा. मी अजून रागावलेय. फक्त सांगायचं होतं — आत्ता चालून आले."

तोंड धुतलं. बाहेर पडलो. एकटाच.