डावा कौल

आबा,

आज सकाळी पोहे खाता खाता नात म्हणाली, "आजी, शनिवारी मला जमणार नाही, माझी थेरपिस्टकडं अपॉइंटमेंट आहे." दाताच्या डॉक्टरकडं जायचं असावं तितक्या सहज. जावयानं पेपरातून डोकं वर काढलं नाही, लेकीनं पोह्यांवर खोबरं भुरभुरवायचं थांबवलं नाही. मीच एकटी चमचा हवेत धरून बसले. मग मला हसू फुटलं, आणि पाठोपाठ तुमची इतकी आठवण आली की उठून लेकीच्या देवघरात येऊन बसले. या घरात लिहायला दुसरी निवांत जागा नाही. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. तुम्ही असतात तर डोळे मोठे करून म्हणाला असतात, "अपॉइंटमेंट? म्हंजे बिमार परेड म्हन की!" लष्करात आजारी जवानांना डॉक्टरपुढं रांगेत उभं करतात, ती परेड.

पलटणीत तुम्ही सगळी नोकरी लंगरात काढलीत, म्हणजे स्वयंपाकघरात. गावात तुमच्या बरोबरीचे पेन्शनर पारावर लढाईच्या गोष्टी सांगायला लागले की कुणीतरी हमखास विचारायचं, "तू काय केलंस रं? भाकरी फेकून मारलीस व्हय?" तुम्ही चिडायचा नाहीत. "माझ्या हातची डाळ खाल्ल्याबिगार ह्यातला एक गडी फुडं गेला न्हाई," एवढंच म्हणायचात. पेन्शनीत आल्यावर साताऱ्यातल्या एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर तुमच्याकडं आलं. मी तिथं यायची तेव्हा तुम्ही कढईशी उभे असायचात, खाकी हाफपँट, बंडी, खांद्यावर पंचा. शिरा झाला की उलथन्यावरचा घास आधी स्वतःच्या तोंडात टाकायचात आणि डोळे मिटून घ्यायचात. चहात चार चमचे साखर घालणारा माणूस तुम्ही. आई म्हणायची, "ह्यांच्या रगतात मुंगळं फिरत्यात." हे गोडाचं मुद्दाम लिहितेय, पुढं लागणार आहे.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. पहिल्या बाळंतपणाला मी सांगलीहून माहेरी आले. मुलगी झाली, तुम्ही सगळ्या वसतिगृहाला जिलेबी वाढलीत, आणि पंधरा दिवसांत माझ्या आतलं काहीतरी बंद पडलं. रडूसुद्धा येत नव्हतं. झोप नाही, जेवण नाही, मी भिंतीकडं तोंड करून बसायची. मुलगी रडली की शेजारच्या घरात कुणाचं तरी मूल रडतंय असं वाटायचं. हातात दिली तर माझे हात ढिले पडायचे, म्हणून आईनं ती मला देणंच सोडलं. एकदा मी आईला विचारलं, "विहिरीला पाणी किती आहे गं?" त्या दिवसापासून आईनं मला क्षणभरही एकटी ठेवली नाही.

"आवं, पोरीला बाहेरचं झालंय," ती तुम्हाला म्हणाली. लोणंदच्या पलीकडं एका वाडीत देवरुषी होता, त्याच्याकडं तीन खेपा झाल्या. अंगारा झाला, लिंबू झालं, दंडाला काळा दोरा झाला. त्यानं बजावलं, "डाक्टरची सुई टोचू द्यायची न्हाई. सुई टोचली की आतलं आतच बसतंय." शेजारच्या शिंप्याची बायको, आम्ही तिला चाची म्हणायचो, गुरुवारी मला दर्ग्यात घेऊन जायची. खरं सांगू? दर्ग्यात मला बरं वाटायचं. तिथं माझे केस धरून "कोण हायेस तू?" असं कुणी विचारत नव्हतं. ऊदाचा वास यायचा आणि माणसं मला नुसतं बसू द्यायची. पण घरी आलं की पुन्हा तीच भिंत. त्या देवरुष्यावर आता माझा राग नाही. त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यानं केलं.

डॉक्टरचं नाव पहिल्यांदा तुम्हीच काढलंत. तुमच्या लंगरातला एक जवान असाच गप्प झाला होता, त्याला लष्कराच्या दवाखान्यात ठेवला आणि काही महिन्यांनी तो परत कांदे चिरायला हजर झाला, हे तुम्ही आईला दहा वेळा सांगितलंत. सांगलीत असा डॉक्टर आहे हेही चौकशी करून आलात. पण ते कानावर गेलं आणि सासूबाई सांगलीहून साताऱ्याला येऊन थडकल्या. "येड्यांच्या डाक्टरकडं नेली तर तिला तिकडंच ठिवा," त्या म्हणाल्या. "माझ्या दारात आणू नगा. आन् नात आमची हाय, ती आमी घिऊन जानार." तुमचे जावई, म्हणजे आमचे हे, त्यांच्या शेजारी उभे राहून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. म्हणजे डॉक्टरकडं जावं तर लेकरू जाणार, न जावं तर मी विहिरीकडं जाणार. हे सगळं माझ्यासमोर बोलणं चाललं होतं, मी जणू फडताळ असावे तशी.

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, तुमच्या गावच्या भैरोबाला कौल लावू, देव म्हणेल तसं. तुम्ही लगेच मान हलवलीत. भैरोबाला विचारल्याशिवाय तुम्ही म्हैससुद्धा दावणीला बांधत नव्हता.

सकाळची वेळ होती. गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांना एकेक भिजवलेली कळी चिकटवली. उजवी पडली तर डॉक्टरकडं न्यायचं, डावी पडली तर नाही. तुम्ही गाभाऱ्याच्या उंबऱ्यात पाठमोरे उभे होतात, दार पुरं भरून. आई, सासूबाई, तान्ही मुलगी, सगळी मागं मंडपात. मला दाराशेजारच्या खांबाला टेकवून बसवलं होतं, कारण माझं लक्ष कशातच नसतं असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. पण तिथून तुमच्या कोपराखालून मला देव दिसत होता. बराच वेळ काही हललं नाही. मग डावी कळी पडली. डावी, आबा. मी बघितली. आणि देवाच्या अंगाला गुरवाशिवाय ज्या गावात कुणी बोट लावत नाही, तिथं तुम्ही हात लांब करून उजव्या खांद्यावरची कळी काढलीत, खाली पडलेली उचललीत, दोन्ही मुठीत घेतल्यात आणि वळून ओरडलात, "उजवा! उजवा कौल दिला देवानं!" आवाज पलटणीतला होता, शेवटी चिरकला. गुरवानं तुमच्याकडं बघितलं. तुम्ही त्याच्याकडं बघितलंत. मग त्यानं घंटा वाजवली. सासूबाईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "देवानंच सांगितल्यावर माझं काय चालायचं?"

सांगलीच्या डॉक्टरांनी मला पहिलं काय विचारलं, आठवतं? "शेवटची चांगली झोप कधी लागली?" इतके दिवस सगळे मला मी कोण आहे ते विचारत होते. बाळंतपणानंतर असा आजार पुष्कळ बायकांना होतो, गोळ्यांनी बरा होतो, पण गुण यायला काही आठवडे लागतात, असं त्यांनी सांगितलं. तुम्ही खुर्चीतून उठून सावधान उभे राहिलात आणि "येस सर" म्हणालात. ते बिचारे गोंधळले.

सांगलीतच विश्रामबागेत एक खोली घेऊन आपण राहिलो, तुम्ही, आई, मी आणि मुलगी. वसतिगृहातून तुम्ही रजा काढलीत. पहिल्याच दिवशी ट्रंकेतून तुमचा पलटणीतला इनॅमलचा मग काढलात, पांढरा, निळ्या काठाचा, एका बाजूला टवका उडालेला. "ह्यो आजपास्नं तुझा. दवा ह्यातनंच घ्यायची." मग सकाळ-संध्याकाळ "बिमार परेड, सावधान!" मी उभी राहायची, गोळी घ्यायची, पाणी प्यायची. निदान तुम्हाला तसं वाटत होतं. गोळी मी गालात धरून ठेवायची आणि नंतर खिडकीतल्या डब्यामागं टाकायची. देव नाही म्हणाला होता ना. देवाला डावलून औषध घेतलं तर तो माझ्या मुलीला उचलून नेईल, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ज्या मुलीला मी हात लावत नव्हते तिच्यासाठी मी भीत होते, हे मला आता कळतं. दहाव्या दिवशी तो डबा तुम्ही हलवलात.

जन्मात एकदाच तुम्ही माझ्यावर ओरडलात. हातात त्या गोळ्या होत्या. "ह्या गोळीपायी म्या काय केलंय, ठावं हाय का गं तुला?" आणि आई ऐकत तर नाही ना, ते वळून बघितलंत. तुमचं तोंड पांढरं पडलं. माझ्याहून जास्त भ्यालेला माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला, आणि हा एवढा भिऊनही माझ्यासाठी उभा आहे हे कुठंतरी आत पोचलं. तुम्ही पाण्याचा तो मग पुढं केलात, मी गोळी गिळली. त्यानंतर एकही चुकवली नाही.

दीड-दोन महिने झाले असतील. दुपारची वेळ, तुम्ही शिऱ्यासाठी रवा भाजताय, आई दोरीवरचे कपडे काढतेय. मुलगी रडते आणि मला वाटतं, माझी रडतेय. मी उठते, तिला उचलते, ती माझ्या खांद्यावर नाक घासते. तुम्ही माझ्याकडं बघत उभे, आणि रवा पार करपून जातो. ऑफिस सुटल्यावर तुमचे जावई आले आणि दारातूनच म्हणाले, "काय जळलं?" आई हसायला लागली, मग मी. आता म्हातारपणी ते दाढी करतानाही गाणं म्हणतात आणि मला औषधाच्या वेळा सांगतात, कॅलेंडर बघून.

नवा रवा भाजून तुम्ही शिरा केलात तेव्हा उलथनं माझ्यापुढं धरलंत. "साखर बराबर हाय का बघ." तुम्ही स्वतः चाखत नव्हतात. कौलाच्या दिवशी देवळाच्या पायरीवरच तुम्ही गोड सोडलं होतंत. आईला वाटलं, माझ्यासाठी नवस केलाय. मी बरी झाले, सासूबाईंनी ओटी भरून घरात घेतली, मी पुढं नोकरीला लागले, तेव्हा आई म्हणाली, "आवं, फिटला की नवस. आता खावा." तुम्ही म्हणालात, "अजून न्हाई फिटलं." वीस वर्षं तुम्ही लग्नाकार्यांत पाक केलात, शिरा केलात, लाडू वळलेत, आणि चव बघायला दुसऱ्याला हाक मारलीत. माझ्या मुलीच्या लग्नात तर मलाच मारलीत.

तुमच्या शेवटच्या दुखण्यात डॉक्टरांनी सांगितलं, आता काय हवं ते द्या. मी शिरा केला, त्याच मगात घालून तुमच्यापुढं धरला. वास घेतलात, डोळे मिटलेत आणि तोंड फिरवलंत. तेव्हा एक वाक्य पुरेसं होतं. आबा, मी बघितलं होतं, डावी पडली होती, आणि तुम्ही केलंत ते बरंच केलंत. कदाचित एक घास खाल्ला असतात. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं.

मी बोलले नाही. तुम्हाला लाज वाटेल म्हणून नाही, तसं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलेय. मला भीती वाटली. तोंडातून शब्द बाहेर पडला आणि भैरोबानं ऐकलं तर तो दिलेलं परत मागेल, माझी झोप, माझी लेक, सगळं. बाकी मी सुखात आहे, आबा. झोप लागते, भूक लागते, शनिवारी नातीला मी स्वतः सोडायला जाणार आहे. ती एक भीती तेवढी कुठल्या गोळीनं गेली नाही. हे लिहायला बसताना मी देव्हाऱ्याचा पडदा ओढून घेतलाय.