जॉर्ज पेलचा भाऊ

११ जाने. २०२१, सोम. कापेल
अनघाने पुन्हा केलं. मुलांच्या मराठी शाळेचा अभ्यासक्रम मी तीन महिने खपून तयार केला. आज इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्याचं कौतुक, आणि खाली हिचं हात जोडून 'मनःपूर्वक आभार'. दिवाळी अंकाच्या वेळीही हेच. टिलबर्गमध्ये बसून माझं घर लुटते बाई. नितीन नवरा असून म्हणतो, सोड ना, किती मनाला लावून घेशील. त्याच्या कामावर त्याचं नाव असतं, त्याला काय जातंय बोलायला.

१९ जाने.
सकाळभर इंग्रजांनी ऑस्ट्रेलियात धाडलेल्या कैद्यांची जुनी रजिस्टरं. स्कॅन केलेली पानं वाचून टाइप करायची, फुकट. पुण्यात इतिहासात एम. ए. केल्याचा इथे एवढाच उपयोग. आज जॉर्ज हेन्री पेल. मेंढी चोरली म्हणून समुद्रापार. तिथलं पान गच्च भरलेलं: कामावरून पळाला, पन्नास फटके. मालकाला उलट बोलला, सात दिवस कोठडी, पाव-पाणी. परत पळाला, साखळदंड. परत पळाला.
प्रत्येक गुन्ह्याला एक ओळ आणि लगेच शिक्षा. वाचून बरं वाटलं. अ.चंही असं पान हवं. दिवाळी अंक, पन्नास फटके. अभ्यासक्रम, साखळदंड.

२६ जाने.
विल्यम हेन्री पेल सापडला! त्याच वसाहतीत, पार दुसऱ्या टोकाला. बापाचं नाव एक, आडनाव एक. सख्खा भाऊ. म्हणजे जॉर्ज दर वेळी फटके खाऊन पळत होता तो भावाकडे. रडले. नि. मीटिंगमध्ये होता, माइक बंद करून 'वा' म्हणाला. लेख लिहायला घेतलाय. मंडळाच्या ऑनलाइन व्याख्यानात मीच वाचणार, माझ्या तोंडाने.

४ फेब्रु.
अ.चा फोन. "अगं, चौदा तारखेला मीच बोलते. तुला कॅमेऱ्यासमोर घाम फुटतो, मागे बघितलं ना आपण. तू मंडळाला पाठवलेली फाइल आहेच माझ्याकडे."
मी 'बरं' म्हटलं. का म्हटलं? मग पोळ्या करताना लाटणं इतकं आपटलं की खालच्या डच आजी वर आल्या. दीड मीटरवरून विचारलं, सगळं ठीक?

९ फेब्रु. बर्फ
विल्यमच्या दुसऱ्या कागदात नातेवाइकांचा रकाना. बाप: थॉमस. हेन्री बापाचं नाव नाहीच. इंग्रजांच्यात मधलं नाव वाटेल ते ठेवतात, आणि मी शाळेच्या दाखल्यासारखं वाचत बसले. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. गावंही वेगळी. भाऊबिऊ कोणी नाही.
दुरुस्त करून पुन्हा पाठवायला फाइल उघडली. बंद केली.
चोरायचंय ना, घे. चुकीसकट घे. मंडळातल्या मेघनाताईंचे डच नवरे पीटर, मराठी चांगलं कळतं, दर व्याख्यानाला असतात, जन्मभर दफ्तरखान्यात नोकरी केलेले. ते सोडणार नाहीत. क्वार्कचं, म्हणजे इथल्या आयत्या चक्क्याचं, श्रीखंड केलं, दोन वाट्या खाल्ल्या.

१४ फेब्रु., रवि.
छान बोलली मेली. भावापाशी आली, थांबली, पाणी प्यायली. बायका डोळे पुसत होत्या. मग पीटरनी हात वर केला: हे भाऊ होते कशावरून? मला आनंदाने बसवेना.
अ. म्हणाली, "याचं उत्तर वैदेही देईल. हे सगळं संशोधन तिचं आहे, मी नुसतं वाचलं."
टाळ्या. मला. मी माइक उघडलाच नाही. नेट गेल्याचं सोंग केलं आणि लॅपटॉप मिटला. या एका वाक्याची तीन वर्षं वाट पाहिली, आणि बाईने दिवस नेमका हाच काढला. नि. म्हणाला, अभिनंदन, झालं ना शेवटी तुझं नाव?

१६ फेब्रु.
अ.चा मेसेज: 'दर वेळी तुझं नाव घ्यायचं राहायचं गं. मनाला टोचत होतं.' खरंच टोचत होतं, की तिला चूक दिसली होती? दिसली असेल तर बाई माझ्यापेक्षा वरचढ. नसेल तर मीच...
पीटरची मेल, अगदी नम्र. मंडळाला लेख माझ्या नावाने छापायचा आहे, तेवढा भावाचा पुरावा पाठवा.
'चूक झाली' लिहिलं. पुसलं. चूक सव्वीस तारखेला झाली. नऊ तारखेनंतर जे केलं त्याला चूक म्हणत नाहीत. अ.ला फोन लावला, रिंग जाताच कापला. तिने लगेच उलटा केला. वाजू दिला.
मेल तशीच उघडी आहे. अ.ला मात्र मी अजून माफ केलेलं नाही.