कानाला लावून पाहिलेले फोन

मंगळवार, ता. १७, सकाळ

चि. भिंगरी,

आशीर्वाद. नको असतील तर पाकिटातच राहू देत, पण ते लिहिल्याशिवाय मला पुढची ओळ सुचत नाही.

तू, तुझा नवरा आणि छोटी बरी असाल. इकडचं ठीक चाललंय. गुडघा कुरकुरतो, एक दाढ काढली. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी पडदे शिवून दिले, ते चार बोटं आखूड झाले. त्यामुळे सकाळी ऊन थेट डोळ्यांवर येतं आणि मी गजराशिवाय उठतो. तुझी आत्या दर रविवारी येते, घर झाडते आणि जाता जाता मलाही झाडून जाते. तुझा पत्ता आणि नंबर तिच्याकडूनच मिळाला. तिच्यावर चिडू नकोस. तीन वर्षं मी तिच्या मागे भुणभुण लावली होती. शेवटी "अगदीच अडलं तर वापर" असं बजावून तिने दिला.

तर अडलं ते असं. घरचा फोन बंद होतोय. आपल्या गल्लीतल्या जुन्या तारा काढून टाकणार आहेत, तसं पत्रच आलं. टेलिफोन खात्यात ज्या तारांची नाडी मी बत्तीस वर्षं तपासली, त्या महिनाअखेरीला भंगारात जाणार. बाकीच्या बिऱ्हाडांनी हे फोन केव्हाच काढून टाकले होते. मी मात्र ठेवला. आत्या म्हणायची, "दादा, राँग नंबर सोडून कुणी फोन करतं का तुला या डबड्यावर?" मी म्हणायचो, असू दे, सवयीचा आहे. सवयीचा वगैरे काही नाही. तुला तो नंबर पाठ आहे, म्हणून ठेवला.

आता स्मार्टफोन घेणं आलं. गेल्या बुधवारी दुपारी बाजारातल्या मोठ्या दुकानात गेलो. काउंटरवर मोठ्या गोल चष्म्याची एक पोरगी होती, तुरुतुरु बोलणारी. म्हणाली, "काका, आधी मला सांगा, तुम्ही फोन कशासाठी वापरणार?"

"फोन करायला."

"ते झालंच हो! पण मुख्य वापर काय?"

मी पुन्हा तेच सांगितलं. तिने माझ्याकडे अशा काही कौतुकाने पाहिलं की मी बैलगाडीतून उतरलोय असंच तिला वाटलं असावं. मग तिने तीन फोन काढून समोर मांडले आणि स्क्रीनचं पुराण सुरू केलं. मीही सगळं नीट ऐकून घेतलं, कारण वस्तू घेताना हयगय करायची नाही हा आपला खाक्या तुला ठाऊक आहे. तिन्हींवर तिने एकाच पोपटाचं चित्र लावलं. पहिल्या फोनवर पोपट बरा होता, पण दारात जाऊन उन्हात धरला तर पोपट गायब आणि माझंच तोंड दिसायला लागलं. दुसऱ्यावरचा पोपट भर उन्हातही असा झळकत होता की खऱ्या पोपटाने तोंड लपवावं. अक्षरंही टपोरी. मोतीबिंदू काढल्यावरसुद्धा मला जग इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं. तिसऱ्याची स्क्रीन लहान आणि पिवळसर. त्यावरचा पोपट आजारी होता.

"हा दुसराच घ्या," चष्मेवाली म्हणाली. "नातवंडांचे फोटो काय मस्त दिसतील यावर! आहेत ना नातवंडं?"

"एक नात आहे. सहा वर्षांची."

"मग तिचा एखादा फोटो मागवून घ्या ना माझ्या फोनवर. यात टाकून दाखवते."

मी म्हटलं, चष्मा घरी विसरलोय. चष्मा नाकावर होता. तिला तो दिसत होता, पण पोरगी शहाणी. उगाचच काच पुसत बसली.

मग मी म्हटलं, चित्रं पुरे झाली, आता आवाज दाखव. तिने दुकानाचं सिमकार्ड आळीपाळीने एकेका फोनमध्ये घालायचं ठरवलं आणि म्हणाली, "लावा कुणाला तरी." आत्या अनोळखी नंबर उचलत नाही. तेव्हा मी चाचणीपुरता एक नंबर लावला, आठवणीतला.

पहिल्या फोनचा आवाज मोठा, पण पत्र्यावर बोटं वाजवल्यासारखा. पलीकडे एक बाई होत्या. "हॅलो? कोण बोलतंय?" असं म्हणाल्या. त्यांच्यामागे नळ वाहत होता, भांड्यावर भांडं आपटलं आणि एका लहान मुलीने विचारलं, "कोणाचा आहे?" सगळे आवाज एकात एक मिसळलेले. मी दहा-बारा सेकंद ऐकलं आणि बंद केला. मुलीला काय उत्तर मिळालं ते कळलं नाही.

दुसऱ्या फोनबद्दल चष्मेवाली म्हणाली की हा समोरच्याच्या बाजूचा गोंगाटही गाळून टाकतो. खरंच टाकतो. नळ नाही, भांडी नाहीत, मुलगी नाही. बाई मोकळ्या खोलीत एकट्याच उभ्या असाव्यात तशा ऐकू आल्या. "बोला ना. तुमचा आवाज येत नाहीये." शब्द न् शब्द असा स्वच्छ की मी सगळ्या नोकरीत ऐकला नाही. पण मला तो सोसवेना. मी विचारलं, "हे गाळणं बंद करता येतं का गं?"

"अहो काका, लोक त्यासाठीच तर हा घेतात!" ती म्हणाली. आणि मग जरा थांबून, "पण तुम्ही बोलतच नाही आहात. तुमचा आवाज पलीकडे कसा पोचतो ते कळणार कसं?"

"मी ऐकणारा माणूस आहे," मी म्हटलं. "बोलणं माझ्या कामात नव्हतं."

हे तोंडातून निघून गेलं आणि मी तिथल्या स्टुलावर बसलो. तिने पाणी आणून दिलं.

भिंगरी, पलीकडच्या बाई कोण, हे तुला मघाशीच कळलं असेल. कसला चाचणीपुरता नंबर! आत्याने दिलेला कागद मी पहिल्याच दिवशी पाठ केला होता. रोज आंघोळ करताना मनात म्हणतो. इतके दिवस लावायची छाती झाली नाही. दुकानात एक निमित्त मिळालं आणि मी चोरासारखा घुसलो. तुला न विचारता, न सांगता, तुझं घर ऐकत बसलो. अकरा वर्षांपूर्वी जे केलं तेच पुन्हा.

तेव्हाचंही आता लिहून टाकतो, नाहीतर हे पत्रही मागच्या पत्रांसारखं ड्रॉवरमध्ये जाईल.

एक्स्चेंजमध्ये टेस्टिंग टेबलावर, म्हणजे लोकांच्या लाइनी तपासायला, बसणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी एक नियम शिकवतात. कुणाच्याही लाइनवर जाताना आधी मोठ्याने "टेस्टिंग" म्हणायचं, म्हणजे बोलणाऱ्यांना कळतं की तिसरा कान आलाय. त्या दुपारी मी तसं म्हटलं नाही. घरच्या लाइनवर खरखर होती म्हणून तपासत होतो, असं मी तुला सांगितलं. आत्यालाही तेच सांगितलं. पुढे पुढे तर मलाही ते खरं वाटायला लागलं. खरखर नव्हती. लाइन ठणठणीत होती.

तू आठवडाभर फोनची लांब वायर ओढून जिन्यात जाऊन बसायचीस. मी आलो की "ठेवते हं" म्हणायचीस. तुझी आई गेल्यापासून घरात आपण दोघंच. तुझ्या मैत्रिणीची चप्पल तुटली तरी ते मला कळायचं. आणि आता माझ्याच घरात माझ्यापासून लपवण्यासारखं काहीतरी होतं. मला राहवलं नाही. कामावर, भर दुपारी, आपल्या घरच्या नंबरावर जोडणी केली आणि एकोणीस मिनिटं ऐकत बसलो.

तुला दूरच्या शहरात नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्या ऑफिसला फोन केला, वडील बोलतोय म्हणालो, घरी अडचण आहे, मुलगी येऊ शकणार नाही. त्यांनी ती जागा दुसऱ्याला दिली. तू माझ्यासमोर उभी राहून विचारलंस, "तुम्हाला कळलंच कुठून?" तेव्हा मी खरखरीचं सांगितलं. त्याच आठवड्यात तू एक बॅग घेऊन गेलीस. दारात म्हणालीस, "या घरात आता श्वास घ्यायचीही चोरी." मी तेव्हा आवाज चढवला. बरोबर तूच होतीस.

आणखी एक आहे, आणि ते आत्यालाही माहीत नाही. त्या एकोणीस मिनिटांत तू पलीकडच्या मित्राला म्हणाली होतीस, "नोकरीचं काही नाही रे, पण बाबांना सांगायचं कसं? त्यांचा चेहरा उतरला ना, तर माझा पाय निघणार नाही." हे मी ऐकलं होतं. तुझ्याच आवाजात, अगदी स्वच्छ. मी चेहरा पाडून बसलो असतो तरी तू कदाचित थांबली असतीस. निदान मला समजावून, रडून, हसत गेली असतीस. एवढी माया कानावर पडूनही मी तो फोन केला. ऐकणं हा ज्याचा धंदा, त्या माणसाला नेमकं तेवढं ऐकू आलं नाही.

मला तुझी फार आठवण येते गं. असं कुणाला कधी लिहिलं नव्हतं, म्हणून अक्षर जरा वाकडं आलंय. तू सकाळी केस विंचरताना अर्धवट गुणगुणायचीस. त्यातला पुढचा भाग मला येत नाही, म्हणून मी तेवढाच अर्धा घोळवत बसतो. छोटी तुझ्यासारखी तरातरा चालते, असं आत्या म्हणते. बुधवारी तिचे दोनच शब्द ऐकले. ते सारखे कानात वाजताहेत.

आता तिसरा फोन. इथवर मी तो टाळत आलोय.

नंबर लावला. तू उचललास, पण हॅलो म्हणाली नाहीस. एकाच अनोळखी नंबरावरून तिसऱ्यांदा आलेला फोन, कोण कशाला बोलेल? मला खुर्ची सरकल्याचा आवाज आला, लांबवर छोटीचं काहीतरी चाललेलं आणि तुझा श्वास. हा फोन काही गाळत नव्हता आणि काही वाढवतही नव्हता. जसं होतं तसं माझ्या कानाशी आणून ठेवत होता. आणि जुन्या सवयीने माझ्या हातून एक गोष्ट झाली. आवाज पलीकडे जातोय का ते पाहायला आम्ही टेस्टिंगवाले रिसीव्हरच्या बोलायच्या भागावर नखाने दोनदा टकटक करायचो. तू लहान असताना दुपारी कामावरून घरी फोन करायचो तेव्हाही आधी ती टकटक व्हायची, मग मी बोलायचो. तेच झालं. टक टक. मी ठरवून केलं नाही.

तू म्हणालीस, "बाबा?"

रागाने नाही म्हणालीस. ते मी तेव्हापासून पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं, राग नव्हता. होता तो नुसता प्रश्न. आणि मी फोन बंद केला.

"आला का आवाज?" चष्मेवालीने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मग हा नकोच ना?"

"हाच दे."

ती मला स्क्रीनचं पुन्हा समजावत बसली, दोन वर्षांत पस्तावाल म्हणाली. मी पिवळ्या पोपटासकट तोच घेऊन आलो.

नवा नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत ठेवलाय. पत्र फाडावंसं वाटलं तर चिठ्ठी तेवढी राहू दे. जुना फोन तीस तारखेपर्यंत वाजू शकतो. यापुढे मी तुला फोन करणार नाही, मुका तर नाहीच नाही. ऐकायचं की नाही, बोलायचं की नाही, हे आता तू ठरवायचंस. तू फोन केला नाहीस तर मला वाईट वाटेल, पण ते मी तुला आत्याकरवी कळवणार नाही.

हे पत्र लिहायला सहा दिवस घेतले, ते काही माफीचे शब्द शोधायला नाही. तू मला एक प्रश्न विचारलास आणि मी उत्तर न देता पळालो, त्याची लाज गिळायला तेवढे दिवस लागले.

हो गं, मीच होतो.

बाबा